राहिलेली चौकशी

"ह्याचं घराणं कुठलं?" काउंटरच्या काचेवर बोट ठेवून शकूआत्यांनी विचारलं.

काचेखाली फोन मांडलेले होते. मी म्हटलं, हा चीनचा.

"आन् त्याच्या शेजारचा?"

"तोही चीनचाच. नाव निराळं आहे, पण वर जाऊन मालक एकच."

"म्हंजे चुलत घरं." आत्यांनी मान हलवली आणि बोट पुढे सरकवलं. तिसरा कोरियाचा निघाला. चौथा अमेरिकेचा होता. त्याची किंमत ऐकून, एवढ्या मोठ्या घरची सोयरीक आपल्याला झेपायची नाही, असं म्हणत त्यांनी तो तिथल्या तिथे नाकारला. मग मी कोपऱ्यातला एक फोन काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि जरा छाती फुगवून सांगितलं की हा आपला, भारतीय कंपनीचा.

"आतनंबी आपलाच?"

त्यांच्यापुढे खोटं बोलायची सोय नव्हती. आतले बरेचसे भाग बाहेरूनच येतात, हे मी कबूल केलं.

"नाव बापाचं, वळण मामाचं," आत्या म्हणाल्या आणि स्टुलावर ऐसपैस बसल्या.

पितृपक्ष चालू होता. या पंधरवड्यात आमच्याकडे नवी वस्तू कोणी घेत नाही आणि स्थळंही कोणी बघत नाही. त्यामुळे माझं दुकान ओस पडलं होतं आणि आत्यांना भरपूर सवड होती. आता चौकशी, खरेदी दसऱ्याला, हे त्यांनी पायरी चढतानाच सांगून टाकलं होतं.

ही गोष्ट २०१७ सालची. कऱ्हाडच्या मंगळवार पेठेत माझं 'सणस मोबाईल' नावाचं दुकान होतं. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. शकूआत्या म्हणजे शकुंतला थोरात. वय सहासष्ट, अंगावर इरकली साडी, खांद्याला कापडी पिशवी. गावातली लग्नं जमवणं हा त्यांचा उद्योग. पाटी नाही, कार्यालय नाही, नुसत्या एकतीस वह्या. एका मुलाचं किंवा मुलीचं एक पान. त्यावर शिक्षण, उंची, पगार असायचंच, पण जे कोणी कोणाला सांगत नाही तेही असायचं. कोणाला फिट येते, कोणाचा साखरपुडा मोडला होता, कोणाच्या भावकीत वाद आहे. हे सगळं त्या मोडीत लिहीत. त्यांचे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते, त्यांनी लेकीला ती जुनी लिपी शिकवली होती. आता गावात ती वाचणारी दहा माणसंही सापडली नसती. वहीला कुलूप लागत नाही म्हणून मी अक्षरालाच लावलंय, असं त्या म्हणायच्या.

त्यांचा आणखी एक रिवाज होता. लग्न लागलं की त्या मांडवातच नवऱ्या मुलाचं आणि नवरीचं पान वहीतून फाडून ज्याचं त्याच्या हातात देत. काम झालं, तुमचं तुमच्यापाशी ठेवा, मला आता त्याचा उपयोग नाही. चारशेच्या वर लग्नं त्यांनी जमवली होती आणि त्यांच्या वह्यांत लग्न झालेलं एकही माणूस शिल्लक नव्हतं.

माझं पान मात्र होतं. मी तीस वर्षांचा घोडा झालो होतो आणि नऊ ठिकाणांहून नकार घेऊन बसलो होतो. नकाराचं कारण मुलाला कोणी तोंडावर सांगत नाही. पत्रिका जुळत नाही, एवढंच कळवतात. आकाशातले ग्रह नऊच्या नऊ वेळा हात धुऊन माझ्याच मागे लागले असतील, यावर माझा विश्वास बसत नव्हता. खरं कारण एकट्या आत्यांना माहीत होतं, आणि त्या ते सांगत नव्हत्या.

दहावं स्थळ केतकी पिसाळचं. रक्ताची तपासणी करणाऱ्या एका लॅबमध्ये ती नोकरीला होती. श्रावणात बघण्याचा कार्यक्रम झाला. तिनं मला एकच प्रश्न विचारला. लोक तुमच्याकडे फोन दुरुस्तीला टाकतात तेव्हा पासवर्डही देऊन जातात का? मी हो म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं फोनच्या आत काय काय असतं ते समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. निरोप आला, विचार करून सांगते. त्याला महिना उलटून गेला होता. मला ती फार आवडली होती. दुकानाच्या पायरीवर कोणाचं पाऊल वाजलं की निरोप आला असं वाटायचं, इतकी आवडली होती.

त्यामुळे आत्या दिसल्या तेव्हा मला वाटलं, निरोपच आला. पण त्या आल्या होत्या फोनसाठी, आणि त्यालाही कारण घडलं होतं. एका चांगल्या घरच्या मुलाला कमी वयात साखर निघाली होती. त्याच्या आईनं ते आत्यांच्या कानात सांगितलं होतं आणि मुलीला आम्हीच सांगू, तोवर बोलू नका, असा शब्द घेतला होता. साखर असलेल्याला गोड काय चालतं, एवढंच आत्यांनी आपल्या फोनला विचारलं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी बसून त्या त्याच फोनवर मुलाचा फोटो दाखवायला गेल्या, तर फोटोच्या आधी बिनसाखरेच्या पेढ्यांची जाहिरात झळकली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, साखर कुणाला? आत्या म्हणाल्या, मला. तेव्हापासून त्या घरी त्यांना बिनसाखरेचा चहा प्यावा लागत होता.

"माझ्या तोंडातनं चाळीस वर्सांत एक सबूद भाईर गेला न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् ह्यो पिशवीतला माझ्याआधी बोलतोय. उद्या लोकांनी म्हटलं की शकूचा फोन फितूर हाय, तर मला कोण आपलं सांगंल?"

त्यांची काळजी खरी होती. त्या दिवसापासून चार दिवस त्या रोज सकाळी येऊन बसत आणि मुलगा बघावा तशी एकेका कंपनीची चौकशी करत. फोन वापरणाऱ्याला विचारू नये, असं त्यांचं मत होतं, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात आणि तो स्तुतीच करतो. ज्यानं वैतागून फोन सोडला त्याला गाठावं. मी बापडा माझ्याकडे जुने फोन देऊन गेलेल्यांची नावं आठवून सांगायचो आणि त्या दुपारी त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन यायच्या.

सगळ्या कंपन्या छातीठोक सांगतात की तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे, असं मी म्हटलं. आत्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"मुलाकडची माणसं कधी सांगत्यात का, मुलगा पितो म्हणून?"

मग मी कंपनीच्या अटी उघडून दाखवल्या. आत्या अंगठ्यानं त्या वर सरकवत राहिल्या. अंगठा दुखला, पण अटी संपेनात. हे वाचतं कोण, असं त्यांनी विचारलं. कोणीच नाही, मी म्हटलं, तळाला 'मान्य' असं लिहिलेलं असतं, तेवढं दाबतात.

"आपल्याकडं यादी पे शादी करत्यात," आत्या म्हणाल्या, "पर यादी वाचून दाखवत्यात की."

तिसऱ्या दिवशी सरकारचा विषय निघाला. सरकारनं मागितलं तर कंपनी देते का, हा त्यांचा प्रश्न. खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं मागच्याच महिन्यात दिला होता. पेपरात वाचलेलं ते सगळं मी उत्साहानं सांगितलं. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हक्क तर सुनेलाबी असतो. पर सासूनं कपाट उघड म्हटल्यावर किती जणी न्हाई म्हणत्यात?"

कायद्यानं मागितलं तर कंपनीला द्यावंच लागतं, हे मला मान्य करावं लागलं. आणि बाहेरची कंपनी असेल तर तिच्याकडे तिथलं सरकारही मागू शकतं.

"म्हंजे दोन सासवा," आत्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. धुतल्या तांदळाचं एकही घर नाही. मग त्यातल्या त्यात बरं बघायचं आणि पोरीला शहाणी करून पाठवायची. त्यांनी कुठला फोन पसंत केला ते मी सांगणार नाही. ठरलेल्या सोयरिकीत खोडा घालणारे लोक फार असतात.

दसऱ्याला त्या फोन घ्यायला आल्या. मी फोनला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. आता न्या घरी, म्हटलं. पण शहाणी करून पाठवायचं काम बाकी होतं. फोनमधलं कोण काय काय मागतं ते एकेक वाचून दाखव, असं त्यांनी फर्मावलं. टॉर्चला त्यांच्या ओळखीच्या माणसांचे नंबर हवे होते.

"उजेड पाडायला माझी माणसं कशाला वळकायची हायत? बंद कर."

कॅल्क्युलेटरला त्या कुठे आहेत ते जाणून घ्यायचं होतं. बंद. पत्रिका जुळवणारं एक ॲप मायक्रोफोन मागत होतं. ग्रहांना माझं बोलणं ऐकायचंय व्हय, असं म्हणून तेही बंद. दसऱ्याची गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण एकानंही तक्रार केली नाही. उलट ऐकता ऐकता तिघांनी आपापले फोन पुढे केले आणि म्हणाले, आमचंही असंच करून द्या.

जुन्या फोनमधलं सगळं नव्यात घालायचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. त्यात खरा ऐवज होता तो फोटोंचा. मागच्या वर्षी आत्यांच्या ट्रंकेला वाळवी लागली होती, तेव्हापासून त्यांनी सगळ्या वह्यांच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. पुढेही जे पान लिहीत किंवा ज्यात भर घालत, त्याचा फोटो काढत. काही हजार फोटो होते आणि जुना फोन म्हाताऱ्या बैलाच्या चालीनं चालत होता. तीन तास लागतील, मी म्हटलं.

आत्यांनी दोन्ही फोन काउंटरवर ठेवले आणि उघडायचा आकडा सांगितला. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग बँकेत जाऊन येते म्हणाल्या आणि गेल्या.

माझ्या धंद्याचा एक नियम होता. फोनचं काम चालू असताना तो पालथा ठेवायचा. लोकांच्या फोनमध्ये बायकोचे फोटो असतात, भांडणं असतात, दवाखान्याचे कागद असतात. सात वर्षांत मी तो नियम मोडला नव्हता. त्या दिवशीही दोन्ही फोन मऊ फडक्यावर पालथे ठेवले आणि शेजारच्या मिक्सरवाल्याकडे जाऊन गप्पा मारत बसलो.

तीन तासांनी काम संपलं. सगळे फोटो आले की नाही, हे बघायला शेवटचा फोटो उघडावा लागतो. मी उघडला. एका पानाचा होता. पानाच्या माथ्यावर मोडीत लिहिलं होतं, सुहास दत्तात्रय सणस. म्हणजे मीच.

माझे वडील भूमी अभिलेख कार्यालयात होते. जुने मोडी कागद वाचण्यात त्यांची हयात गेली. गावातली पोरं मे महिन्यात नदीवर डुंबायची, तेव्हा ते मला खाली बसवून मोडीचे कित्ते गिरवायला लावायचे. त्यांना मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही. ती विद्या इतक्या वर्षांनी कामाला आली, आणि आली ती अशी.

नाव नजरेला पडलं, इथपर्यंत माझा काही दोष नव्हता. पण त्यानंतर मी दोन बोटं काचेवर ठेवली आणि पान मोठं केलं. ते बोटांनी केलं, माझ्या बोटांनी. नऊ नकारांची कारणं समोर होती आणि माझ्यानं राहवलं नाही.

'नकार नऊ,' आत्यांनी लिहिलं होतं. 'पाच जणी : नोकरी नाही, दुकान भाड्याचे. तीन जणी : फार बोलतो. एक : मुलीचे दुसरीकडे आहे.' पत्रिकेचा कुठे उल्लेखही नव्हता. त्याखाली होतं, 'मनाने साफ. हात हुशार. आईबापांना धरून आहे.' मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू? आणि त्याच्याही खाली, वेगळ्या शाईनं, अगदी अलीकडे लिहिलेल्या तीन ओळी होत्या.

'राहिलेली चौकशी : गावाचे फोन याच्या हाती असतात. आत डोकावतो का? केतकीची हीच एक अट. बापाने मोडी शिकवली आहे.'

ओळी पुन्हा वाचल्या, त्या बदलल्या नाहीत. अंगठा चुकून काचेवर सरकला आणि शेजारच्या फोटोची कड दिसली. पानाच्या माथ्यावर केतकीचं नाव होतं. ती माझ्याबद्दल काय म्हणाली, होकाराकडे कल आहे की नकाराकडे, ते एका अंगठ्याच्या अंतरावर होतं. मी फोन पालथा ठेवला आणि हात मांडीखाली घेऊन बसलो.

मी पान वाचलं याला पुरावा कुठेच नव्हता. हे माझ्याइतकं गावात कोणाला माहीत असणार? फार तर कंपनीला कळलं असेल, तिच्या देशाला कळलं असेल, आपल्या सरकारलाही कळलं असेल. आत्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

आत्या आल्या. मी दोन्ही फोन दिले. काही अडचण आली का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. फोन पिशवीत गेले. आत्या उठल्या, चपला घातल्या, एक पायरी उतरल्या.

"आत्या," मी म्हटलं. "जरा आत या."

त्या वळल्या.

"मी तुमच्या फोनात एक पान वाचलं."

त्या पुन्हा वर आल्या आणि स्टुलावर बसल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. काहीच नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"कुनाचं?"

"माझं. फक्त माझं."

"समदं?"

"सगळं. शेवटच्या ओळीपर्यंत."

"केतकीचं शेजारीच हाय."

"दिसलं मला. ते नाही वाचलं."

"का रं?"

मला तीन मुलींनी फार बोलतो म्हणून नाकारलं होतं. पण आता मी एवढंच म्हटलं की ते तिचं आहे.

आत्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. मी विचारलं, मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं का?

"मला कसं कळणार? मला फोनातलं काय कळतंय? म्हणून तर तुझ्याकडं आले." त्या उठल्या. "बघते," म्हणाल्या आणि गेल्या.

आमच्याकडे स्थळाच्या बाबतीत 'बघते' या शब्दाला काय अर्थ असतो ते मला नऊ अनुभवांनी शिकवलं होतं. दहावा नकारही आता पत्रिकेच्या नावावर येईल, असं मी धरून चाललो. फरक एवढाच, की या वेळी कारण मला माहीत होतं आणि ते माझ्या हातांनीच घडलं होतं. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आईनं विचारलं तर तिला म्हटलं, दुकानात काम फार आहे. दुकानात बसून मी माश्या मारत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी पायरीवर पाऊल वाजलं. केतकी होती. पांढरा कोट हातावर टाकलेला, बहुधा लॅबला जाता जाता आली होती. तिनं फोन काउंटरवर ठेवला. त्याची काच एका कोपऱ्यात तडकली होती.

"काच बदलायला पासवर्ड लागत नाही," मी घाईघाईनं सांगितलं.

"मला माहीत आहे. आत्यांनी सांगितलं मला सगळं."

मी गप्प.

"तुम्ही डोकावलात, तेही सांगितलं."

मी काचेच्या तड्याकडे बघत राहिलो.

"आमच्याकडे रोज गावभरच्या लोकांचे रिपोर्ट येतात," ती म्हणाली. "ओळखीचं नाव दिसलं की हात थांबतो. तीन वर्षांपूर्वी एकाचा रिपोर्ट मी उघडून बघितला. माझं काम नव्हतं ते. कोणाचा ते तुम्हाला सांगणार नाही, पण बघितला. अजून आठवलं की लाज वाटते. हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते."

मी तिचा फोन उचलला आणि मऊ फडक्यावर पालथा ठेवला.

"आज गप्प कसे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, ऐकतोय. ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि काच किती दिवसांत मिळेल हे सांगायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. तिनंही विचारलं नाही.

लग्न पुढच्या वैशाखात झालं. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती बसल्या, आणि आत्या पिशवीतून वही काढून आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. दोन पानं फाडली आणि ज्याचं त्याच्या हातात दिली. मग फोन माझ्यापुढे धरला, ह्यातनंबी पूस म्हणाल्या. मी मुंडावळ्या बाजूला सारून दोन्ही फोटो पुसले. पुसलेलं जिथे महिनाभर पडून राहतं अशी एक टोपली फोनमध्ये असते, तीही त्यांना दाखवली आणि रिकामी केली. अशी टोपली असते हे आधी का नाही सांगितलंस, म्हणून भर मांडवात त्यांनी मला झापलं.

मग मी माझं पान उलगडलं. वरचं सगळं मला पाठ होतं. सगळ्यात खाली, राहिलेल्या चौकशीच्या पुढे, एक ओळ नव्यानं घातलेली होती.

'डोकावतो. पण येऊन सांगतो. चालेल.'

एवढ्या माणसांत माझे डोळे भरून आले. फोटोग्राफरला वाटलं धुरानं, त्यानं मला पंख्याजवळ उभं केलं.

केतकीनं तिचं पान उलटसुलट करून बघितलं आणि घडी घातली. मोडीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. आमच्या घरात ते वाचू शकणारे वडील आणि मी, आणि वडिलांची नजर तेव्हाच अधू झालेली. पहिल्या दिवाळीला मी म्हटलं, वाचून दाखवू का? बघू, ती म्हणाली. बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं.

ते पान आमच्या कपाटात तिच्या साड्यांखाली आहे. कपाटाला कुलूप नाही. इतक्या वर्षांत ते मी हजार वेळा उघडलं असेल. दोनदा त्या घडीच्या टोकाला हातही लावला, आणि दोन्ही वेळा संध्याकाळी तिला तसं सांगितलं. दोन्ही वेळा तिनं मला भाजी निवडायला बसवलं.

आत्या आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचा तिसरा फोन चालू आहे. घ्यायच्या आधी चार दिवस येऊन बसतात. त्या शुगरच्या मुलाचं त्याच मुलीशी लग्न झालं, त्याला दोन मुलंही आहेत, पण त्या घरी आत्यांना अजून बिनसाखरेचाच चहा मिळतो.

गेल्या महिन्यात वाचनालयात मोडीचा वर्ग सुरू झाला. केतकीनं नाव घातलं. मी म्हटलं, अगं, मी आहे की घरात.

"आहात की," ती म्हणाली. "पण आपलं आपल्याला वाचता आलेलं बरं."

रोज सकाळी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर कित्ता गिरवत बसते. जोडाक्षरांशी अजून झटापट चालली आहे. मी तिच्या शेजारी चहाचा कप ठेवतो आणि विचारलं तरच बोलतो.